बदलीसाठी रदबदली नको, अर्ज हवा

वाचकाचे पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

“मी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. वय ३९, सेवेला सात वर्षे झाली. पहिली पोस्टिंग सोलापूर जिल्ह्यात होती. सध्या सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आहे आणि इथे तीन वर्षे पूर्ण झाली. वार्षिक सर्वसाधारण बदल्यांच्या यादीत मला गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा तालुका मिळाला आहे. मिस्टर साताऱ्याला अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापक आहेत, त्यांची बदली होत नाही. मुलगी माझ्याजवळ असते, यंदा दहावीत जाईल. आईही माझ्याकडेच असते. तिचे आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस असते आणि भाऊ परदेशात आहे. गेल्या वर्षी मी इथल्या एका वजनदार माणसाच्या मुलाला पोलीस कोठडी दिली, तेव्हापासून ‘बघून घेऊ’ अशी भाषा कानावर येत होती. ही बदली म्हणजे त्याचीच शिक्षा का? बारमधले एक ज्येष्ठ वकील म्हणतात, ‘मुंबईत माझी ओळख आहे, एक फोन करतो.’ मिस्टर म्हणतात, राजीनामा दे आणि साताऱ्यात वकिली कर. बदली रद्द करून घ्यायला मी कुठे जाऊ?”

ताई,

आधी त्या ज्येष्ठ वकिलांना नाही म्हणून सांगा, आणि आजच सांगा. “साहेब, माझे जे काही असेल ते मी प्रधान जिल्हा न्यायाधीशांमार्फत लेखी देणार आहे, तुम्ही कृपा करून कुणाशी बोलू नका,” एवढे पुरेसे आहे. ‘बघू’, ‘कळवते’ असले काही बोलू नका. तुमचे ‘बघू’ त्यांना होकारासारखे ऐकू येईल आणि संध्याकाळपर्यंत फोन होऊन जाईल.

त्यांच्या मनात वाईट आहे असे मी म्हणत नाही. तीन वर्षे त्यांनी तुमचे काम पाहिले, घरची ओढाताणही पाहिली असेल आणि मनापासून मदत करावी असे त्यांना वाटले असेल. पण त्या फोनने काम झाले तर तुमच्यावर एक ऋण बसते, आणि ते फेडायची वेळ कधी येईल हे तुमच्या हातात राहत नाही. पुढे तुम्ही पुण्यात बसा नाहीतर कोल्हापुरात, कधीतरी त्यांचा ज्युनिअर वकीलपत्र घेऊन तुमच्यासमोर उभा राहील. तुम्ही अगदी कायद्याला धरून त्याच्या बाजूने आदेश दिलात तरी तो का दिला हे आपल्याला ठाऊक आहे, असे मानणारी दोन माणसे बाररूममध्ये असतील. त्याच्या विरुद्ध दिलात तर तुम्ही उपकार विसरलात. म्हणजे त्या एका प्रकरणात तुम्हाला मोकळ्या मनाने बसताच येणार नाही. आणि काम झाले नाही तर नुकसान आणखी मोठे आहे. सेवेच्या बाबतीत बाहेरचे वजन आणणे वर्तणूक नियमांत बसत नाही. आईच्या डायलिसिसचे तुमचे कारण शंभर टक्के खरे आहे. त्यावर शिफारशीचा डाग पडला की ते कारण वाचणाऱ्याचे मन आधीच कलुषित होते. बार असोसिएशन ‘मॅडमची बदली रद्द करा’ असा ठराव करणार असेल तर तोही थांबवा. वकिलांचे प्रेम निरोप समारंभात घ्या, ठरावात नको.

आता शिक्षेची शंका. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी याच ओळीची वाटली, कारण असा संशय मनात घेऊन न्यायाधीश पुढच्या कोर्टात गेला तर पुढच्या वेळी कोठडी देताना त्याचा हात आखडतो.

ताई, तुमची तीन वर्षे पूर्ण झालेली आहेत. नाव सर्वसाधारण बदल्यांच्या यादीत आले आहे, आणि ती यादी किती पानांची असते हे तुम्ही पाहिलेच असेल. त्याच यादीत तुमच्याच बॅचचे, कुणालाही न दुखावलेले अधिकारी सिंधुदुर्गातून नंदुरबारला आणि हिंगोलीतून रायगडला निघाले असतील. शिक्षेचा वास येणारी बदली वेगळी असते. ती मुदतीच्या आधी, वर्षाच्या मध्येच, एकट्याच्या नावाने निघते आणि बहुतेकदा तिच्या मागेपुढे एखादी तक्रार असते. तशा बदलीविरुद्ध दाद मागता येते. नुसत्या निनावी तक्रारीवरून शिक्षेच्या जागी केलेली बदली सर्वोच्च न्यायालयाने सोमेश तिवारी यांच्या प्रकरणात रद्द केली होती. ते न्यायाधीश नव्हते, केंद्र सरकारचे अधिकारी होते, पण तत्त्व तेच. तुमच्या प्रकरणात यातले काहीच नाही. कोठडीचा आदेश गेल्या वर्षीचा आणि त्यानंतरही तुम्ही त्याच खुर्चीवर बसून मुदत पूर्ण केलीत. म्हणून ही शंका अर्जात लिहू नका, सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच नको.

त्या मुलाला कोठडी देताना तुम्ही कचरला नाहीत. का कचरला नाहीत? तुमचे धैर्य होतेच. पण त्याच्या वडिलांना तुमची बदली करता येत नव्हती, हेही त्यामागे होते. संविधानाच्या अनुच्छेद २३५ ने जिल्हा न्यायालये आणि त्यांच्या खालच्या न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे, आणि त्यात पदस्थापना, पदोन्नती, रजा या गोष्टी नावानिशी घातल्या आहेत. तुमची नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, पण तुम्ही कुठे बसायचे हे मंत्रालय ठरवत नाही. ही गोष्ट आपोआप झालेली नाही. आसाममध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या बदल्या राज्य सरकारने करायच्या की उच्च न्यायालयाने, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६६ साली रंगा महंमद यांच्या प्रकरणात निर्णय झाला की पहिली नेमणूक करण्यापुरता अधिकार राज्यपालांचा. त्यानंतरच्या बदल्या म्हणजे उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाचाच भाग. त्याच्या आदल्या वर्षी, १९६५ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बागची यांच्या प्रकरणात शिस्तभंगाच्या कारवाईबद्दलही हेच ठरले होते. सिरोंच्यापासून सावंतवाडीपर्यंत तालुक्याच्या कोर्टात बसलेला पंचविशी-तिशीतला न्यायाधीश आमदाराच्या माणसाला जामीन नाकारू शकतो तो या भिंतीच्या आधाराने. ‘एक फोन करतो’ म्हणणाऱ्याला तुम्ही होकार देता तेव्हा या भिंतीला आतून खिंडार पाडता. आज फोन तुमच्या सोयीसाठी झाला तर उद्या तो तुमच्या विरुद्धही लागू शकतो, आणि तेव्हा तक्रार करायला तोंड राहत नाही.

पण म्हणून गप्प बसून सोसा असेही मी सांगणार नाही. आपल्या सेवेत एक चुकीची समजूत आहे की चांगल्या अधिकाऱ्याने कधी काही मागू नये. मागावे. स्वतः मागावे, कागदावर मागावे आणि योग्य वाटेने मागावे. प्रधान जिल्हा न्यायाधीश असताना असे अर्ज माझा शेरा लिहून पुढे पाठवण्याचे काम मी केले आहे. ज्या अर्जात अडचण खरी असते, कागद जोडलेले असतात आणि मागणी देता येण्याजोगी असते, तो अर्ज वाचणाऱ्यालाच मार्ग काढावासा वाटतो.

तुमची मागणी देता येण्याजोगी करणे हेच इथले खरे काम आहे. ‘बदली रद्द करा’ ही मागणी मला तशी वाटत नाही. दोन्ही पोस्टिंग तुम्हाला पश्चिम महाराष्ट्रात, घरापासून काही तासांच्या अंतरावर मिळाल्या. यादी ही साखळी असते. तुमच्या खुर्चीवर कोणीतरी येणार आहे, कदाचित गडचिरोलीत किंवा मेळघाटाच्या बाजूला मुदत काढून, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ जायला आतुर झालेला कुणी. तुम्ही हलला नाहीत तर तो अडकतो, त्याच्या जागी जाणारा अडकतो, आणि टोकाच्या एखाद्या तालुक्यात शेजारच्या न्यायाधीशाकडे ‘चार्ज’ देऊन आठवड्यातून एखाद-दोन दिवस कोर्ट चालते. बाकीचे दिवस तिथला पक्षकार पन्नास-साठ किलोमीटरवरून एसटीने येतो आणि पुढची तारीख घेऊन परत जातो. तुमची अडचण खरी आहे, पण तिथल्या पक्षकाराचीही आहे, आणि त्याला अर्ज करायला प्रधान जिल्हा न्यायाधीशांसारखे कुणी दार नाही.

म्हणून ‘रद्द करा’ म्हणू नका, ठिकाण बदलून मागा. तुमचे बळकट कारण एकच आहे, आईचे डायलिसिस. ते आठवड्यातून तीनदा, जवळच्या केंद्रात आणि खंड न पडता व्हायला हवे, यात दुमत होऊ शकत नाही. गडचिरोलीचा दक्षिण भाग कसा आहे ते नकाशावर बघा. जिल्हा दक्षिणोत्तर लांबच लांब, मध्ये जंगल, पावसाळ्यात नाले भरले की रस्ते बंद होतात. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर. तिथे मूत्रपिंडाच्या रुग्णाला घेऊन राहणे धोक्याचे आहे, हे कुणालाही पटेल. तेव्हा मागणी अशी करा : विदर्भातच, नागपूर, वर्धा, चंद्रपूर किंवा भंडारा यांपैकी कुठल्याही जिल्ह्यात, डायलिसिस केंद्र जवळ असेल असे कोणतेही ठिकाण द्यावे. सांगली, सातारा, पुण्याचे नाव त्यात घालू नका. ज्या भागात पाठवले तिथे जायला अधिकारी तयार आहे, फक्त आईचे उपचार सुटू नयेत एवढेच तिचे म्हणणे आहे, हे पहिल्या परिच्छेदातच दिसले पाहिजे.

अर्ज इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा ठेवा : “माझी आई माझ्यावर अवलंबून असून माझ्यासोबत राहते. तिला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस लागते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी जोडल्या आहेत. भाऊ परदेशात असल्याने तिची काळजी घेणारे दुसरे कोणी नाही. मी आदेशाप्रमाणे विदर्भात रुजू होण्यास तयार आहे. खालीलपैकी कोणत्याही ठिकाणी पदस्थापना मिळाल्यास उपचार चालू राहतील.” आणि खाली ठिकाणे. बस. एका पानाच्या वर जाऊ नका. सात वर्षांत किती प्रकरणे निकाली काढली याचा पाढा नको, ते गोपनीय अहवालात आहेच. प्रमाणपत्र अर्जाच्या तारखेच्या आसपासचे, सरकारी रुग्णालयाचे असेल तर उत्तम. भाऊ परदेशात आहे याचा काहीतरी कागद जोडा, कारण ‘दुसरे कोणी नाही का’ हा पहिला प्रश्न येतोच.

हा अर्ज प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे द्या, उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरल यांच्या नावे, ‘योग्य मार्गाने’. त्याआधी पीडीजे (प्रधान जिल्हा न्यायाधीश) साहेबांना प्रत्यक्ष भेटून दहा मिनिटांत सगळे सांगा, म्हणजे शेरा लिहिताना त्यांच्यासमोर माणूस असेल. पालक न्यायमूर्तींना (तुमच्या जिल्ह्यावर देखरेख ठेवणाऱ्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना) भेटण्याची इच्छा असेल तर तीही पीडीजेंमार्फतच, वेळ घेऊन आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी घेऊन. परस्पर मुंबई गाठून चेंबरबाहेर उभे राहू नका. अर्ज एकदाच करा. दर आठवड्याला स्मरणपत्र पाठवले तर अडचण हट्टासारखी दिसू लागते. उत्तर आले नाही तर उन्हाळी सुट्टीनंतर ठरलेल्या तारखेला तिकडे जाऊन चार्ज घ्या आणि तिथून दुसरा अर्ज करा. रुजू होऊन केलेल्या अर्जाचे वजन, न जाता केलेल्या अर्जापेक्षा नेहमी जास्त असते. तोपर्यंतचे काही आठवडे आईला मिरजेतच ठेवायची सोय बघा. कुणी मावशी, चुलत बहीण, पगारी मदतनीस, जे जमेल ते.

मुलीची दहावी मी मुद्दाम अर्जात घातली नाही, आणि तुम्हीही घालू नका. कारण ताई, तुमच्या घरी तिचे वडील आहेत. ते प्राध्यापक आहेत, एका गावात स्थिर आहेत. मुलीने साताऱ्यात वडिलांजवळ राहून दहावी करावी. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळातच येतात, त्यामुळे तिला विभाग बदलावा लागणार नाही. गडचिरोलीला नेलेत तर मात्र नागपूर मंडळ, नवी शाळा, नव्या मैत्रिणी, सगळे दहावीच्या वर्षात. शाळेचा दाखला जूनच्या आत हलवा, ऐन सत्रात नको. मला कल्पना आहे की हे वाचून तुमच्या पोटात कालवेल. दहावीच्या वर्षी आई जवळ नाही, लोक काय म्हणतील, हे आपल्याकडे बाईलाच ऐकावे लागते. पुरुष न्यायाधीश बदलीवर जातो, घर मागे राहते, आणि त्याच्या मुलांच्या दहावीबद्दल त्याला कोणी विचारत नाही. तुमच्या मिस्टरांना राजीनाम्याचा सल्ला सुचला, पण ‘एक वर्ष मी सांभाळतो’ हे वाक्य तुमच्या पत्रात कुठे दिसले नाही. कदाचित तुम्ही त्यांना तसे विचारलेच नसेल. आज विचारा.

राजीनाम्याबद्दल माझे मत कडक आहे : यादी लागल्यानंतरच्या महिन्यात राजीनामा लिहू नये. मध्य प्रदेशातल्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाची २०१४ साली ग्वाल्हेरहून सिधीला, सत्राच्या मध्येच बदली झाली. मुलगी बारावीत होती. परीक्षेपर्यंत आठ महिने थांबू द्या, ही त्यांची विनंती नाकारली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. तो स्वेच्छेचा नव्हता, परिस्थितीने दिलेला होता, आणि ती बदली तिथल्या बदली धोरणालाच धरून नव्हती, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठरवले व त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. मागचा पगार मिळाला नाही. एका सहीची किंमत म्हणून साडेसात वर्षे गेली, आणि ज्या बारावीसाठी हे सगळे झाले ती केव्हाच संपून गेली होती. शिवाय त्यांची बदली मुदतपूर्व होती, तुमची मुदत संपल्यावर झाली आहे. त्यांना जो न्याय मिळाला तो तुम्हाला मिळेल असे धरून चालू नका.

मिस्टरांच्या मनात आणखी एक हिशेब असू शकतो, तो मी बऱ्याच घरांत ऐकला आहे : सेवा सोडून वकिली केली की जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट परीक्षेला बसता येईल. त्यासाठी आता सेवा सोडायची गरज उरलेली नाही. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षांचा अनुभव असलेला सेवेतला अधिकारीही त्या थेट भरतीला पात्र आहे. किमान वय ३५. तुम्ही दोन्ही अटींत बसता. विदर्भातल्या तालुक्यात संध्याकाळी जो निवांतपणा मिळेल तो या अभ्यासाला द्या. मला तर वाटते, तुमच्या वयाच्या अधिकाऱ्याला यापेक्षा चांगला काळ मिळणार नाही.

आता तुमच्या पत्रात ज्यांचा उल्लेखही नाही त्यांच्याबद्दल, म्हणजे तुमच्या सध्याच्या बोर्डावरच्या (सुनावणीच्या यादीतल्या) पक्षकारांबद्दल. बदलीची यादी लागली की न्यायाधीशाचे मन सामानसुमानात जाते आणि बोर्ड नुसत्या तारखांवर चालतो. तसे होऊ देऊ नका. निकालासाठी बंद केलेली एकही फाइल मागे ठेवू नका. लिहून झालेला पण न सुनावलेला निकाल तुमच्या जागी येणारा न्यायाधीश सुनावू शकतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नियम २ मध्ये तशी सोय आहे. पण ज्याने साक्षीदार पाहिला त्यानेच निकाल सुनावावा, ही पक्षकाराची साधी अपेक्षा असते. अर्धवट पुराव्याच्या दाव्यांचे तितके भय नाही. आदेश १८ नियम १५ प्रमाणे पुढचा न्यायाधीश तिथूनच पुढे चालवतो. फौजदारीतही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६५ खाली तुम्ही नोंदवलेला पुरावा त्याला वापरता येतो.

घोळ होतो तो चेक न वटल्याच्या केसेसमध्ये, आणि तुमच्या कोर्टात त्या शेकड्यांनी असणार. कलम ३६५ ची सवलत संक्षिप्त खटल्यांना, म्हणजे ज्यांत पुराव्याचा फक्त सारांश नोंदवतात त्यांना, लागू नाही. एकशेअडतीसची (चेक न वटल्याच्या कलमाची) केस तुम्ही संक्षिप्त पद्धतीने चालवली असेल आणि तुमची बदली झाली, तर येणाऱ्या न्यायाधीशाला तुमच्या नोंदींवर निकाल देता येत नाही, पुरावा नव्याने घ्यावा लागतो. नितीनभाई शहा यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. पुढे २०१४ मध्ये असेही सांगितले की पुरावा प्रत्यक्षात समन्स खटल्यासारखा पूर्ण नोंदवला असेल तर पुन्हा श्रीगणेशा करण्याची गरज नाही. पण अशा फाइलवर पद्धत कोणती, हेच लिहिलेले नसेल तर अपिलात भांडण ठरलेले, आणि तीन वर्षे तुमच्या दारात हेलपाटे घातलेला फिर्यादी पुन्हा पिंजऱ्यात उभा राहतो. तेव्हा सहाय्यक अधीक्षकांना सांगून आत्ताच अशा केसेसची वेगळी यादी काढून घ्या. ज्या फक्त युक्तिवादावर आहेत त्या संपवा. ज्या संपणार नाहीत, त्यांत पद्धत कोणती होती ते रोजनाम्यावर (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत) नीट आले आहे का ते पाहा. २०२१ च्या घटनापीठाच्या निर्णयानंतर संक्षिप्त खटला समन्स खटल्यात बदलताना कारणे लिहावी लागतात. ती कारणे नसतील तर येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी चार ओळींची टीप ठेवा. सुट्टीच्या आधीचे तुमचे दिवस यासाठी खर्ची पडू देत.

पगाराच्या कागदांचे थोडक्यात सांगते. अंतिम वेतन प्रमाणपत्र निघताना हातात घ्या आणि सेवार्थ प्रणालीत तुमचे नाव नव्या कार्यालयाकडे वर्ग झाले का ते नाझरांकडून (कोर्टाचे हिशेब पाहणाऱ्यांकडून) तपासा, नाहीतर पहिला पगार लांबतो. बदली अनुदानाचा आणि सामानाचा दावा दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशींप्रमाणे करा. ४ जानेवारी २०२४ च्या आदेशाने भत्त्यांचा तो विषय मिटला आहे.

आणि ठिकाण बदलून मिळाले नाही, त्याच तालुक्यात बसायची वेळ आली, तर मोकळ्या मनाने बसा. तिथे बोर्ड सांगलीएवढा नसेल, पण साक्षीदार तेलुगू किंवा माडिया बोलेल. पहिल्याच आठवड्यात दुभाष्याची व्यवस्था काय आहे ते विचारा, आणि दुभाषी पोलीस ठाण्याचा शिपाई असेल तर तो बदलून मागा. शंभर किलोमीटर चालत-बसने आलेल्या माणसाला न्यायाधीशाने आपले म्हणणे आपल्या भाषेत ऐकून घेतले हे कळणे, त्याच्यासाठी निकालाइतकेच मोलाचे असते. रेल्वेसाठी बल्लारशाह आहे, आणि सिरोंच्याकडच्या टोकाला असाल तर नदी ओलांडून तेलंगणातले मंचेरियलही आहे. सातारची फेरी सोपी नाही, हे मी लपवत नाही.

आईचे तेवढे लगेच सुरू करा. अर्जाचा निर्णय काहीही लागो, नागपूर आणि चंद्रपूर इथल्या डायलिसिस केंद्रांत फोन करून आठवड्यातल्या तीन पाळ्या रिकाम्या आहेत का ते विचारा, कारण केंद्रात कायमची पाळी मिळायलाच वेळ लागतो. मिरजेच्या डॉक्टरांकडून उपचारांचा पूर्ण सारांश, कोरडे वजन, फिस्टुलाची माहिती आणि कावीळ बी, कावीळ सी व एचआयव्हीच्या ताज्या तपासण्या एका फाइलीत घ्या. नवे केंद्र हेच कागद सगळ्यांत आधी मागते, आणि तीच फाइल तुमच्या अर्जाला जोडायलाही चालेल.